क्विटगाइड ॲप: तलफेची वही म्हणून उत्तम, व्हेपसाठी तोकडं

सिगारेट सोडू पाहणाऱ्यांसाठी अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेचं हे मोफत ॲप. यातली खरी कामाची गोष्ट म्हणजे तलफेची नोंद. जागा मात्र नेमकी लिहा. नुसतं ‘ऑफिस’ नको, ‘ऑफिसचा मागचा जिना’ असं. आठवडाभरात घात करणाऱ्या दोन-तीन जागा आपोआप उघड्या पडतात. त्या जागा आणि वेळा टॅग केल्या की तेव्हा मेसेज येतो. पण लोकेशनची परवानगी बंद असेल किंवा बॅटरी सेव्हर चालू असेल, तर मेसेज चुकतो किंवा सिगारेट विझल्यावर येतो. तलफेचा जोर 5-10 मिनिटांचाच, मग त्याचा काय उपयोग?

आखणी सिगारेटची आहे, त्यामुळे व्हेपवाल्यांनी (ई-सिगारेट ओढणाऱ्यांनी) हिशेब वेगळा ठेवावा: 20 मिलिग्रॅम प्रति मिलिलिटरचं 2 मिलिलिटर लिक्विड म्हणजे 40 मिलिग्रॅम निकोटीन.

सिगारेट सोडल्यावरचे पहिले 2-3 दिवस सर्वांत अवघड. तेव्हा निव्वळ ॲपवर विसंबू नका. उठल्यावर 30 मिनिटांच्या आत सिगारेट लागत असेल तर 4 मिलिग्रॅमची निकोटीन गम, एरवी 2. सलग चघळली तर उचकी लागते. झिणझिण्या आल्या की गालात दाबून ठेवायची.