गच्चीवरचं सोलर: साधं ऑन-ग्रिड की बॅटरीवालं हायब्रिड?

नुसता बिलाचा हिशोब असेल तर पुण्यात ऑन-ग्रिडच (म्हणजे बॅटरीशिवाय, थेट महावितरणच्या लाइनला जोडलेलं सोलर) परवडतं, यात फारसा वाद नाही. जादा युनिटं महावितरणकडे खात्यात जमा होतात आणि 31 मार्चपर्यंत वापरता येतात. एप्रिल-मेची शिल्लक जुलै-ऑगस्टच्या झाकोळलेल्या दिवसांत कामी येते. घरगुती बॅटरीला हे जमणारच नाही. ती दुपारचं ऊन फार तर रात्रीपर्यंत पोचवते. शिवाय केंद्राच्या पीएम सूर्यघर योजनेचं 78 हजारांपर्यंतचं अनुदान पॅनेलच्या क्षमतेवर मिळतं, बॅटरीला वेगळं काही नाही.

तरी आमच्याकडे आता हायब्रिड आहे. गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज गेली की ऑन-ग्रिड भर उन्हात बंद पडतं, ते तुम्हाला माहीत असेलच. त्याची मला सवय झाली होती. वैताग आणला तो व्होल्टेजनं.

सहकारनगरातल्या आमच्या गल्लीत ओळीनं बंगले आणि बहुतेक गच्च्यांवर पॅनेल. रविवारी भर दुपारी घरात फ्रिज आणि दोन पंखे एवढाच लोड, आणि सगळ्यांची वीज एकाच ट्रान्सफॉर्मरकडे ढकलली जातेय. लाइनचं व्होल्टेज 250 च्या वर चढतं, मर्यादा ओलांडली की इन्व्हर्टर (पॅनेलची वीज घरच्या वापराजोगी करणारा डबा) लाइनपासून सुटतो. लाल दिवा, ‘ओव्हर व्होल्टेज’. काही मिनिटांनी पुन्हा लागतो, पुन्हा सुटतो. गंमत म्हणजे ढग आला की गुमान चालतो, कारण शेजाऱ्यांचीही निर्मिती उतरलेली असते! ट्रान्सफॉर्मरचा टॅप, म्हणजे त्याच्या व्होल्टेजची पायरी, खाली घेता येतो, पण मग संध्याकाळी लोड वाढला की व्होल्टेज पडतं.

व्होल्टेज चढलं की हायब्रिडही ग्रिडपासून सुटतो, पण पॅनेलवर घर चालू राहतं आणि बॅटरी भरत राहते. फक्त सेटिंग बदलून घ्या. नाहीतर ती सकाळीच भरून बसते आणि दुपारी जागाच उरत नाही. मी चार्जिंग अकरानंतर ठेवलंय. घाटघरचा 250 मेगावॉटचा जलविद्युत प्रकल्प पाणी वर चढवून ठेवतो आणि मागणीच्या वेळी सोडतो. आमच्या जिन्याखाली तेच, अगदी छोट्या प्रमाणात.

सोसायटीच्या लिफ्ट-पंपांसाठी घेत असाल तर दुपारीही वापर असतो, तिथे ऑन-ग्रिड बहुधा पुरेल. बंगला असेल तर आधी शेजाऱ्यांच्या इन्व्हर्टरवर दुपारी एकचं व्होल्टेज बघून या. 240 च्या आत असेल तर खुशाल ऑन-ग्रिड घ्या. 250 ला टेकत असेल तर मी तरी बॅटरीचे पैसे बाजूला काढेन.