कोल्ड मिक्सची पिशवी: माल बरा आहे, जाहिरात मात्र खोटी

5 पैकी साडेतीन स्टार. अर्धा कापला तो जाहिरातीतल्या व्हिडिओसाठी.

आमच्या सोसायटीत गेटपासून बी विंगपर्यंत डांबरी रस्ता आहे, त्यावर जुलैत चार खड्डे पडले. हॉटमिक्सवाल्याला, म्हणजे गरम डांबर-खडी टाकणाऱ्याला, फोन केला तर तो म्हणे पावसात प्लांट बंद, दसऱ्यानंतर बघू, आणि चार खड्ड्यांसाठी डंपर पाठवायला परवडत नाही. त्याचंही बरोबर आहे म्हणा, तो माल दीडशे डिग्रीच्या आसपास निघतो आणि गरम आहे तोवरच दाबावा लागतो, चार घमेली तो कुठे आणून टाकणार. मग कमिटीच्या ग्रुपवर कोणीतरी कोल्ड मिक्सच्या, म्हणजे गरम न करता थेट भरायच्या डांबर-खडीच्या, या तयार पिशवीची लिंक टाकली आणि ऑर्डर करायचं काम नेहमीप्रमाणे माझ्या गळ्यात.

25 किलोची पिशवी, आम्हाला डिलिव्हरीसकट सहाशेच्या घरात पडली. वर लिहिलंय ‘एक पिशवी, एक खड्डा’. अहो पण कुठला खड्डा? दोन इंच खोल असेल तर एका पिशवीत जेमतेम अडीच चौरस फूट भरतं, आमचा वळणावरचा एकटाच चार पिशव्या खाऊन बसला. ऑर्डर करायच्या आधी टेप घेऊन मोजा, आम्ही मोजलं नाही म्हणून दुसऱ्यांदा मागवावं लागलं.

पहिले दोन खड्डे आम्ही व्हिडिओत दाखवल्यासारखेच बुजवले, म्हणजे पाण्यातच ओतायचं, फावड्याने सारखं करायचं आणि वरून गाडी फिरवायची. दिसायला झकास!! आठवड्यात कडेची खडी सुटायला लागली आणि गोकुळाष्टमीपर्यंत दोन्ही खड्डे पुन्हा होते तसे, वर सुटलेल्या खडीवरून स्कूटी घसरायची भीती.

तिसऱ्याच्या वेळी ए विंगमधले काका खाली आले. पीडब्ल्यूडीतून रिटायर झालेत, इतके दिवस गॅलरीतून बघत होते बहुतेक. म्हणाले, "अरे भरतोस काय, आधी काप." पहार-छिन्नीने खड्ड्याच्या कडा सरळ उभ्या कापायला लावल्या, चौकोनी, भोवतालचं पोकळ झालेलं डांबर हलतंय तिथपर्यंत सगळं काढलं, त्यामुळे खड्डा आधी होता त्याच्या दीडपट झाला आणि आमचे खजिनदार लागले ओरडायला. मग पाणी उपसलं, खराट्याने माती झाडली, तळाला आणि कडांना इमल्शनचा, म्हणजे पाण्यात मिसळलेल्या डांबराचा, पातळ हात मारला (हे पिशवीसोबत येत नाही, वेगळं घ्यावं लागतं, आणि लिंकवर त्याचा उल्लेखसुद्धा नाही). इमल्शन चॉकलेटी असतं, ते काळं पडेपर्यंत थांबायचं. खड्डा चार इंच खोल होता म्हणून माल दोन थरात टाकला आणि प्रत्येक थर धुमसाने (माती-खडी ठोकून बसवायचं जड अवजार) ठोकला. शेवटी रस्त्याच्या लेव्हलपेक्षा किंचित वर ठेवला, कारण गाड्यांनी तो अजून बसतो.

हा खड्डा दिवाळी झाली तरी जागेवर आहे. म्हणजे मालात खोट नाही. फक्त सुरुवातीला मऊ असतो, त्यातला रॉकेलसारखा वास उडेपर्यंत पक्का होत नाही, आमच्याकडे एका बुलेटचा साइड स्टँड त्यात रुतला आणि त्यावरून ग्रुपवर दोन दिवस महाभारत. पिशवी एकदा फोडली की लगेच संपवा, मी अर्धी तशीच उघडी ठेवली तर महिनाभरात तिचा दगड झाला.

चौथा, तो वळणावरचा, तिथे मात्र पिशवीचा काही दोष नाही. सगळं नीट करूनही तो पंधरा दिवसात उखडला. काकांनी पुढच्या पावसात छत्री घेऊन उभं राहून बघितलं तर गच्चीच्या पाइपाचं पाणी थेट तिथेच पडत होतं. डांबर आणि खडीची पकड पाण्याने सुटते, वर गाड्यांचा दाब, मग टिकणार कसं. प्लंबरने एल्बो लावून पाणी गटारात वळवलं, खर्च एका पिशवीपेक्षा कमी. त्यानंतर भरलेलं ठिगळ अजून हललेलं नाही.

आता ग्रुपवर विषय आला की कोणी ना कोणी खड्डे न पडण्यासाठी प्रसिद्ध असलेल्या पुण्याच्या जंगली महाराज रस्त्याचं उदाहरण देतंच, 1976 सालचा, 10 वर्षांच्या गॅरंटीचा. काका म्हणतात, अरे आपल्या रस्त्यावर तीन वर्षांपूर्वी मगरीच्या पाठीसारख्या भेगा पडल्या होत्या तेव्हाच मी मीटिंगमध्ये बोललो होतो की सील करून घ्या. मिनिट्स काढून बघितले, खरंच लिहिलंय. पुढचा मुद्दा दांडियाच्या डीजेचा होता.

तर चार-पाच खड्डे आहेत आणि पावसाळा काढायचाय, तर ही पिशवी घ्या, सोबत इमल्शन घ्या आणि धुमस भाड्याने आणा. अख्ख्या रस्त्याला भेगांची जाळी पडली असेल तर यात पैसे घालू नका, आम्ही तो भाग जानेवारीत हॉटमिक्सनेच करणार आहोत. कोटेशन तीन आलीत, ग्रुपवर भांडण चालू आहे.