पाच लिटरचा ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर, नऊ महिने आणि ती बाटली

मागच्या मंगळवारी रात्री अकरा वाजता यंत्रावर पिवळा दिवा लागला आणि टीं टीं सुरू झालं, म्हणून हे लिहायला बसलोय. नाहीतर लिहिलं नसतं. चालतंय तोवर कोण लिहितो?

आईला सीओपीडी, म्हणजे श्वासनळ्या अरुंद होण्याचा फुप्फुसांचा जुनाट आजार. जन्मात विडीला हात लावला नाही, पण चाळीस वर्षं चुलीपुढं बसली. छातीच्या डॉक्टरांनी मिनिटाला दोन लिटर ऑक्सिजन लिहून दिला, दिवसातले किमान १५ तास. सिलिंडरची ने-आण झेपेना म्हणून हे यंत्र घेतलं. शेजारचे काका अजून विचारतात, "कुठनं भरून आणता?" यात भरायचं काही नसतं हो. आतले झिओलाइटचे दाणे हवेतला नायट्रोजन धरून ठेवतात आणि नव्वद टक्क्यांच्या वर ऑक्सिजन नळीत येतो.

बिलाचं आधी सांगतो, कारण दुकानदार "फ्रिजएवढंच खातं" म्हणाला होता. पाटीवर ३५० वॅट लिहिलंय. १६ तासांचे ५.६ युनिट, महिन्याला १६८. आमचा फ्रिज दिवसाला दीड युनिटही खात नाही. शंभरच्या आतलं आमचं घर वरच्या स्लॅबमध्ये गेलं ते गेलंच. इन्व्हर्टरवर तीन तास निघतात. वळवाच्या पावसात लाइट गेली की एक छोटा सिलिंडर भरलेला ठेवावा लागतो तो वेगळाच. आवाज सुरुवातीला गिरणीसारखा वाटायचा, आता बंद झाला की जाग येते.

आता बाटली. ऑक्सिजन ओलसर करायला पाणी भरायची ती प्लॅस्टिकची बाटली, जिच्यातून बुडबुडे येतात. एवढ्या हजारांच्या यंत्राला असली बाटली देणाऱ्याला मी रोज सकाळी नावं ठेवतो. झाकणाचे आटे इतके उथळ की एक घर चुकलं तरी घट्ट बसल्यासारखं वाटतं आणि ऑक्सिजन वरूनच निसटतो. दोन आठवडे बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवर आईच्या रक्तातल्या ऑक्सिजनचा आकडा ८६-८७ टक्क्यांच्या पुढं जाईना, मी यंत्राला शिव्या देत होतो, आणि दोष होता झाकणाचा. शिवाय डिस्टिल्ड वॉटर रोज बदला, बाटली साबणाने धुवा. दर महिन्याला पाण्याचे कॅन आणायला मी गावात जातो, तेव्हा मनात येतं की आपण माणसाला पाजतोय की बॅटरीला.

जानेवारीत पुण्याहून दादा आला. पहाटे ऑक्सिमीटर लावला, ८७. त्यानं गोल बटण फिरवून दोनाचे चार केले. "पाच लिटरचं मशीन आहे ना, मग कंजुषी कशाला?" सकाळी आई डोकं धरून बसली, हाक मारली की गुंगीत "हं" म्हणायची. तसेच दवाखान्यात नेलं. तिथल्या छातीच्या विभागातल्या सिस्टरांनी आम्हा दोघा भावांची जी हजेरी घेतली! सीओपीडीत कार्बन डायऑक्साइड आधीच साठत असतो, ऑक्सिजन गरजेपेक्षा जास्त गेला की तो आणखी वाढतो आणि माणूस पेंगतो. आकडा ८८ ते ९२ हवा, ९८ चा हट्ट नको. आणि ते ८७ सुद्धा खरं होतं का? थंडीत बोटं गार असली की ऑक्सिमीटर कमी दाखवतो. तळवे चोळा, मिनिटभर थांबा, मग वाचा. घरी येऊन केलं तर ९०.

त्या बाईंनी चाळीस मिनिटं दिली. दुकानदारानं पाच दिली होती, त्यातली तीन बिल करण्यात. गरम चहावर फुंकर घालतो तसा ओठ आवळून श्वास सोडायचा. इन्हेलर स्पेसरमधून (इन्हेलरला जोडायचं पोकळ नळकांडं), एका वेळी एकच पफ, दहा मोजेपर्यंत श्वास धरायचा, नंतर चूळ भरायची. नाक कोरडं पडलं तर व्हॅसलीन नाही, पाण्याचं जेल. नळी नाकात असताना देवापुढं निरांजन, उदबत्ती नाही. यावर आई दोन दिवस रुसली होती. आता नातू दिवा लावतो आणि ती या खोलीतूनच हात जोडते. सगळं सांगून झाल्यावर सिस्टर म्हणाल्या, "आता तुम्ही मला शिकवा." दादाला स्पेसरचा क्रम आला नाही. आईला आला.

मी बाटलीचं गाऱ्हाणं मांडलं. सिस्टर शांतपणे म्हणाल्या, "दोन लिटरला बाटली लागतेच असं नाही. चारच्या आत बऱ्याच जणांना गरज पडत नाही." पाच महिने मी पाणी वाहत होतो! बाटली काढली. आठवड्याभरात आईच्या नाकातून रक्ताचे ठिपके यायला लागले, बाटली परत लावली. म्हणजे बाटली वाईट, पण आम्हाला लागते. मात्र एक युक्ती मिळाली: बाटलीपुढची नळी दुमडून धरायची. थोड्या वेळात बाटलीची शिट्टी वाजली तर झाकण ठीक, नाही वाजली तर गळती.

तर मंगळवार. सर्व्हिसवाल्यानं फोनवरच निदान केलं: "सिव्ह गेलं, चौदा हजार, व्हिजिट वेगळी." सिव्ह म्हणजे आतले ते झिओलाइटचे दाणे. मी भांडलो, वॉरंटी दाखवली, तो म्हणे सिव्ह त्यात येत नाही. आईला सिलिंडरवर ठेवलं. सकाळी सिस्टरांना फोन केला. त्यांचा पहिला प्रश्न, "भिंतीपासून किती लांब ठेवलंय?" आवाज नको म्हणून मीच ते पडद्यामागं भिंतीला टेकवलं होतं. मागचा स्पंजचा फिल्टर काढला, गोधडीच्या कापसानं गच्च भरलेला. धुतला, पूर्ण वाळवला, यंत्र फूटभर पुढं ओढलं. वीस मिनिटांत हिरवा दिवा. चौदा हजार वाचले, म्हणून यंत्राच्या रेटिंगमध्ये दोन ताऱ्यांचे साडेतीन करतोय. अर्धा बाटलीचा कापला.

नुसती बाटली मागितली तर दुकानदार म्हणतो सेटमध्येच मिळते, नळीसकट साडेसहाशे. नळ्या घरात चार पडल्यात. तोवर रोज सकाळी नळी दुमडायची आणि कान देऊन उभं राहायचं. आई आतून विचारते, "वाजली का रे?"