बिलावर कॅसेट, चाकात तेच जुनं फ्रीव्हील

माझी सायकल 2011 साली घेतलेली. पुढे तीन चक्रं, मागे सात, म्हणजे एकवीस गिअर. गिरगावातून फोर्टातल्या ऑफिसला मी आठवड्यातले चार दिवस तिच्यावरूनच जाते. रविवारी पहाटे मरिन ड्राइव्ह, मग वाळकेश्वरचा चढ चढून हँगिंग गार्डन. इतक्या वर्षांत टायर बदलले, ब्रेकची रबरं बदलली, सीट बदलली. गिअरच्या भागांना मात्र कधी हात लावायची वेळ आली नव्हती.

डिसेंबरात गिअर उडायला लागले. सपाटीवर काही नाही. चढावर जोर दिला की मागून खाड् असा आवाज यायचा, चेन एका दात्यावरून पुढच्या दात्यावर उडी मारायची आणि पॅडल क्षणभर रिकामं जायचं. मी दक्षिण मुंबईतल्याच एका दुकानात गेले. नाव लिहीत नाही. दुकान मोठं, काचेचं, बाहेर नव्या सायकली टांगलेल्या. इथे काम नीट होईल असं वाटलं.

काउंटरवरच्या माणसाने काय सांगितलं ते नीट वाचा, कारण त्यातलं बरंचसं खरं होतं. त्याने पुढच्या चक्रावरची चेन चिमटीत धरून पुढे ओढली. "हे बघा मॅडम, अर्धा दाता उघडा पडतोय." पडत होता. मग मागचे दाते दाखवले. एका बाजूने उतरते झालेले, टोकाला वाकलेले, माशाच्या परासारखे. म्हणाला, "चेनही गेली, मागचा सेटही गेला. नुसती नवी चेन टाकली तर या दात्यांवर बसणार नाही, जास्तच उडेल." हेही अगदी बरोबर. चेन ताणली असं आपण म्हणतो, पण पट्ट्या ताणल्या जात नाहीत. प्रत्येक जोडातली पिन आणि तिच्याभोवतीची जागा घासते आणि दोन पिनांमधलं अंतर वाढत जातं. मग ती वाढलेली चेन दात्यांना आपल्या मापाने घासून घेते. दोघं एकमेकांच्या सोबतीने झिजतात, म्हणून बदलायचं तर दोन्ही. मुंबईत हे लवकर होतं. पावसाळ्यात चेनवरचं तेल आणि रस्त्यावरची बारीक रेती मिळून पॉलिश पेपरसारखं काम करतात, आणि समुद्राच्या खाऱ्या हवेचा गंज वेगळाच.

निदान खरं होतं, म्हणूनच मी पुढच्या खोट्यावर विश्वास ठेवला. पुढचं वाक्य असं होतं: "सात स्पीडचं आता काहीच येत नाही, मॅडम. सगळं बंद झालं. माझ्याकडे जुन्या स्टॉकमधली एक कॅसेट पडलीय, तुमच्यासाठी काढतो. पण डिरेलर तोच ठेवलात तर मी गॅरंटी देणार नाही." कॅसेट म्हणजे मागच्या दातेरी चक्रांचा सेट, डिरेलर म्हणजे चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकवणारा भाग. एवढ्या वर्षांची सायकल भंगारात जाईल या धास्तीने मी हो म्हटलं. दोन दिवस सायकल ठेवून घेतली.

परत आणायला गेले तर सायकल लखलखत होती. रिम पुसलेले, चेन तेलाने काळीभोर चमकणारी. हातात बिल: कॅसेट 2,200, चेन 900, डिरेलर 1,600, केबल 300, मजुरी 600. एकूण 5,600 रुपये. साध्या पॅडवर हाताने लिहिलेलं, ना जीएसटी नंबर, ना कुठल्या पार्टची कंपनी किंवा मॉडेल. मी जुने पार्ट मागितले. "ते भंगारवाला घेऊन गेला सकाळीच." दुकानासमोरच्या गल्लीत एक चक्कर मारली. गिअर लोण्यासारखे पडत होते. पैसे दिले, निम्मे यूपीआयने आणि निम्मे रोख, कारण त्याने तसंच मागितलं.

गल्लीतल्या त्या चक्करीला काही अर्थ नसतो हे मला दुसऱ्या रविवारी कळलं. झिजलेल्या दात्यांचा दोष जोर लावल्याशिवाय दिसत नाही. वाळकेश्वर रोडवर, तीन बत्तीच्या अलीकडे, मी सीटवरून उठून उभ्याने पॅडल मारत होते. खाड् खाड् असा दोनदा आवाज झाला, उजवा पाय थेट खाली गेला आणि गुडघा हँडलच्या दांड्यावर आदळला. सायकल डावीकडे लवंडली ती सुदैवाने फुटपाथच्या बाजूला. मागून येणाऱ्या बेस्टच्या ड्रायव्हरने करकचून ब्रेक लावला. बसमधून कंडक्टर उतरून विचारायला आला, "ताई, लागलं का?" गुडघा सुजला होता, हात थरथरत होते. पाच हजार सहाशे रुपये मोजून मी बसच्या चाकाखाली जायची राहिले होते. ही गोष्ट पैशांची नाही, असं मी तेव्हापासून सगळ्यांना सांगते.

ऑफिसातल्या एका सहकाऱ्याने लालबागच्या एका काकांकडे पाठवलं. एका इमारतीच्या जिन्याखाली त्यांची जागा, एक स्टँड, भिंतीवर पान्यांची रांग. मी सगळी हकीकत सांगितली आणि बिल दाखवलं. बिल वाचून ते मागच्या चाकाजवळ बसले, चाक काढलं आणि चक्रं उलटी फिरवून पाहिली. एकदाच. मग म्हणाले, "ताई, कॅसेट तुमच्या चाकात बसतच नाही."

हे मला तोवर कोणीच सांगितलं नव्हतं, म्हणून सविस्तर लिहिते. मागची दातेरी चक्रं चाकाला दोन प्रकारे बसतात. जुन्या आणि स्वस्त सायकलींत फ्रीव्हील असतं. त्यात चक्रं आणि कटकट वाजणारी यंत्रणा एकाच गोळ्यात असते आणि तो अख्खा गोळा हबच्या, म्हणजे चाकाच्या मधल्या भागाच्या, आट्यांवर स्क्रूसारखा फिरवून बसवतात. नंतरच्या, जरा वरच्या सायकलींत कॅसेट असते. तिथे ती यंत्रणा हबमध्येच असते, चक्रं तिच्यावरच्या खाचांत सरकवतात आणि बाहेरून रिंग आवळतात. एकाच्या जागी दुसरं बसत नाही, त्यासाठी हब किंवा अख्खं चाकच बदलावं लागतं. ओळखायची खूण काकांनी करून दाखवली. चाक काढायचं, चक्रं मागच्या दिशेने फिरवायची आणि मध्यभागी ज्या खाचांत पाना बसतो त्यांच्याकडे बघायचं. खाचा चक्रांबरोबर फिरल्या तर कॅसेट, जागच्या जागी राहिल्या तर फ्रीव्हील. माझ्या सायकलीत खाचा हलल्या नाहीत. म्हणजे बिलात 2,200 रुपयांना लावलेली वस्तू माझ्या सायकलीवर असूच शकत नव्हती.

मी म्हटलं, कदाचित त्याने लिहिताना चूक केली असेल, नवीन फ्रीव्हील बसवलं असेल. काका काही बोलले नाहीत. त्यांनी बारीक चिमटा घेतला आणि सर्वात मोठं चक्र आणि स्पोकच्या आडोशाला असलेली पिवळी पडलेली प्लास्टिकची तबकडी यांच्या फटीत घातला. हळूहळू ओढत त्यातून एक दोरा बाहेर काढला. वितभर पांढरा दोरा, ग्रीसने काळा झालेला, आणि त्याच्या टोकाला झेंडूच्या देठाचा वाळलेला तुकडा.

गेल्या दसऱ्याचा हार. खंडेनवमीला आमच्याकडे शिवणयंत्राची, पाट्यावरवंट्याची पूजा होते, तशी माझ्या सायकलीचीही. हार हँडलला घातला होता, संध्याकाळी तो सुटून मागच्या चाकात गुंतला आणि मी ओढून काढला तेव्हा थोडा दोरा आतच राहिला. ती तबकडी फ्रीव्हीलच्या मागे असते. फ्रीव्हील काढल्याशिवाय ती निघत नाही, आणि ते काढलं असतं तर दोरा तेव्हाच खाली पडला असता. ऑक्टोबरचा दोरा फेब्रुवारीत जागेवर होता. माझ्या फ्रीव्हीलला कोणी पानाच लावला नव्हता. रॉकेलने धुतलं होतं, एवढंच.

मग चेन. काकांनी पोलादी पट्टी लावली. चेनच्या दोन लगतच्या पिनांमधलं अंतर अर्धा इंच असतं, म्हणून एका पिनेच्या मध्यावर शून्य ठेवलं की पंचविसावी पिन बरोबर बारा इंचांवर यायला हवी. अर्धं सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) पुढे गेली तर चेन बदलायची वेळ आली. पूर्ण सूत पुढे गेली तर मागचे दातेही गेले असं समजायचं. माझी 'नवी' चेन एक सूतभर पुढे होती. तीही जुनीच. शिवाय एका ठिकाणी पिनेचं डोकं बाकीच्यांपेक्षा चकचकीत आणि किंचित बाहेर आलेलं होतं. चेन कापून पुन्हा जोडल्याची ती खूण. दोन कड्या काढून तिला आवळलं होतं, म्हणजे हाताला ताठ लागावी. पण कड्या काढून पिनांमधलं अंतर कमी होत नाही. उलट आखूड चेन धोक्याची असते. पुढचं मोठं आणि मागचं मोठं चक्र एकदम पडलं की ती डिरेलरला ओढून सरळ करते, आणि चालत्या सायकलीत तो स्पोकमध्ये जाऊन मोडू शकतो. मी त्या दोन आठवड्यांत तो गिअर टाकला नाही हे केवळ नशीब.

केबल मात्र खरंच नवी होती. आणि डिरेलरही बदललेला होता. हे सगळ्यात वाईट. माझा मूळचा डिरेलर चांगला अॅल्युमिनियमचा होता, त्याच्या फक्त दोन छोट्या चकत्या झिजल्या होत्या. त्याच्या जागी पत्र्याचा, हाताने हलवला तर लडबडणारा, सर्वात खालच्या दर्जाचा बसवला आणि माझा ठेवून घेतला. भंगारवाला सकाळीच घेऊन गेला तो हा.

आता 'सात स्पीडचं काही येत नाही' याबद्दल. येतं. शिमानोच्या टूर्नी मालिकेत सात स्पीडचं 14 ते 28 दात्यांचं फ्रीव्हील नवं कोरं मिळतं. सहा, सात आणि आठ स्पीडला एकाच रुंदीची चेन चालते आणि ती कुठल्याही बऱ्या दुकानात असते. काकांनी माझ्यासमोर, त्या खास खाचांच्या पान्याने, जुनं फ्रीव्हील काढलं. पान्याला लांब पाइप लावून दोघांनी जोर केला तेव्हा ते सुटलं, इतकं वर्षानुवर्षं घट्ट बसलेलं. फ्रीव्हीलचे 850, चेनचे 650, मजुरी 250. एकूण 1,750 रुपये. नव्या चेनवर त्यांनी पट्टी लावून मला स्वतःला माप घ्यायला लावलं. जुनं फ्रीव्हील आणि जुनी चेन वर्तमानपत्रात गुंडाळून माझ्या हातात दिली. मी मागितलीही नव्हती.

तुमची सायकल जुनी असेल तर देण्याआधी एवढं करा. मागे काय आहे, फ्रीव्हील की कॅसेट, ते बघून घ्या आणि चक्रांवरचे दाते मोजा. चेनचं माप स्वतः घ्या, बारा इंचांची कुठलीही पोलादी पट्टी चालते. चक्राच्या आतल्या बाजूला मार्करने ठिपका करा, मोबाइलवर डिरेलरचा जवळून फोटो काढा. जुने पार्ट परत हवेत हे काम देतानाच सांगा, नंतर नाही. आणि घेताना गल्लीत नाही, चढावर चालवून बघा. जवळ चढ नसेल तर उड्डाणपुलावर. चेनचं माप दर दोन महिन्यांनी घेतलंत आणि अर्ध्या सुतावर चेन बदललीत तर एका फ्रीव्हीलवर दोन-तीन चेन सहज निघतात. मी हे आधी केलं असतं तर त्या दुकानाची पायरीच चढले नसते.

दोरा, चेन आणि बिल घेऊन मी त्या दुकानात गेले. आधी तो म्हणाला, दोन आठवडे चालवून आता तक्रार कसली. मी बिलावरच्या 'कॅसेट' या शब्दावर बोट ठेवलं आणि म्हटलं, माझ्या चाकात ती बसवून दाखवा, मी इथे उभी आहे. दुकानात दुसरी दोन गिऱ्हाइकं होती, तीही बघायला लागली. त्याने गल्ला उघडून 2,200 रुपये मोजले आणि बिल परत मागितलं. मी दिलं नाही. चेनचे, डिरेलरचे, मजुरीचे पैसे त्याने दिले नाहीत. डिरेलरबद्दल तर उत्तरच दिलं नाही.

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, 1915 वर, फोन करून तक्रार नोंदवली आहे. त्यातून काही झालं नाही तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला तिथे फी लागत नाही आणि दोन वर्षांची मुदत असते. गुडघा अजून जिना उतरताना दुखतो. दोऱ्याचा तुकडा मी छोट्या पिशवीत घालून त्या बिलाला स्टेपल केला आहे.