आधी 'सामना' की 'सिंहासन'?

परवा भाच्याचा फोन आला. "मामा, या रविवारी जब्बार पटेलांचा एकच पिक्चर बघणार आहे. कुठला बघू?" मी 'सामना' म्हणायच्या आत मागून त्याची आई ओरडली, "'सिंहासन' बघ, दादाचं ऐकू नकोस!" आमच्या घरात हे भांडण जुनं आहे. दर दिवाळीला चकलीबरोबर निघतं आणि चकली संपली तरी संपत नाही. त्यामुळे भाच्याला फोनवर जे सांगता आलं नाही ते इथे लिहितो.

'सामना' १९७५चा, 'सिंहासन' १९७९चा. दोन्ही कृष्णधवल, दोन्हींची पटकथा विजय तेंडुलकरांची, दोन्हींत निळू फुले आणि श्रीराम लागू. गंमत पुढे आहे. 'सामना'त फुले सत्ता आहेत आणि लागू तिला प्रश्न विचारतात. 'सिंहासन'मध्ये लागू मुख्यमंत्र्याची खुर्ची ओढू पाहणारे अर्थमंत्री विश्वासराव दाभाडे, आणि फुले हे सगळं बघत बसलेला पत्रकार दिगू टिपणीस. पाट तेच, माणसं उठून समोरासमोर बसली. म्हणून वेळ असेल तर हे दोन्ही लागोपाठ बघावेत, आणि 'सामना' आधी.

एकच बघायचा असला तरी मी 'सामना'च म्हणेन. हिंदूराव धोंडे-पाटील हा साखरपट्ट्यातला सम्राट. गावात एक दारुडा, फाटका मास्तर येऊन पडतो. हिंदूराव त्याला उचलून वाड्यावर आणतो, खाऊपिऊ घालतो, आपलं वैभव दाखवत हिंडवतो. एवढं करायची काय गरज होती? मास्तर त्याच्या कुठल्याच हिशेबात बसत नाही, हे त्याला खुपत असतं. आणि मग मास्तर तो प्रश्न विचारतो: मारुती कांबळेचं काय झालं? हा प्रश्न कानावर पडला की फुल्यांच्या चेहऱ्याकडे बघा. आवाज चढत नाही, पाहुणचारही थांबत नाही, पण यजमान आता पाहुण्याला जोखायला लागलेला असतो. दोन माणसं, एक वाडा, एक प्रश्न. पहिल्याच चित्रपटात दिग्दर्शकाने एवढा धीर धरावा आणि तो चित्रपट बर्लिनच्या महोत्सवात स्पर्धेत जावा, हे आजही नवलाचं वाटतं. बालरोगतज्ज्ञ म्हणून दौंडला दवाखाना चालवणारा माणूस हा! अर्थात 'घाशीराम कोतवाल' बसवून झालेलं होतं, त्यामुळे अगदीच नवखा म्हणता येणार नाही.

बहिणीची बाजूही सांगतो, नाहीतर पुढच्या दिवाळीला माझी धडगत नाही. 'सिंहासन'चा आवाका 'सामना'ला नाही. अरुण साधूंच्या 'मुंबई दिनांक' आणि 'सिंहासन' या दोन कादंबऱ्या एकत्र करून हा चित्रपट उभा केलाय. मुख्यमंत्री, मंत्री, कामगार पुढारी, तस्कर, झोपडपट्टी, अख्खी मुंबई त्यात आहे. मुख्यमंत्री झालेले अरुण सरनाईक तर असे शोभलेत की पुढचे कित्येक खरे मुख्यमंत्री त्यांच्यापुढे नवशिके वाटावेत. राज्यातलं सरकार डळमळायला लागलं की लोकांना हाच चित्रपट आठवतो, तेही उगाच नाही. माझी तक्रार एवढीच की पात्रांच्या गर्दीत कुणापाशी थांबायला सवड मिळत नाही, आणि बायकांच्या वाट्याला फारच थोडं येतं. राजकारणाच्या बातम्या चवीने वाचणाऱ्याला ही गर्दीच आवडेल. त्याने खुशाल बहिणीचं ऐकावं.

राजकारणाचा कंटाळा असेल तर 'उंबरठा' (१९८२). स्मिता पाटीलची सुलभा घर सोडून महिला सुधारगृहाची अधीक्षक म्हणून जाते. तिथे जे सोसते त्याबद्दल बरंच लिहिलं गेलंय. मला जास्त छळतो तो परतीचा भाग. मुलीला जाऊबाईंचा लळा लागलाय, आणि गिरीश कर्नाडांचा नवरा दुसऱ्या बाईबद्दल अगदी समजूतदार स्वरात सांगतो. ओरडत नाही, मारत नाही. त्याच्या मते तो प्रामाणिकपणे वागतोय! दिवाळी पहाटेला 'सुन्या सुन्या मैफिलीत माझ्या' ऐकून माना डोलावणाऱ्यांनी हा चित्रपट एकदा तरी बघावा. गाणं पुन्हा पहिल्यासारखं ऐकू येत नाही. याच्या शेजारी १९९४चा 'मुक्ता' ठेवला की फरक कळतो. सोनाली कुलकर्णी छान आहे, विषय मोठे आहेत, जात आणि वंश दोन्ही. पण त्यातली माणसं बोलायला लागली की भूमिका मांडतात. सुलभा बोलते तेव्हा फक्त सुलभा बोलते.

'जैत रे जैत' (१९७७) या तुलनेत बसवता येत नाही, बसवूही नये. ठाकरवाडी, लिंगोबाचा डोंगर, राणीमाशीवर सूड उगवायला निघालेला नाग्या, महानोरांचे शब्द आणि हृदयनाथांची चाल. मोबाइलवर बघू नका, एवढंच म्हणतो.

आता वाईट कुठला? बरेच जण पटकन 'एक होता विदूषक'चं (१९९२) नाव घेतात. हा अन्याय आहे. लक्ष्मीकांत बेर्डेचं नाव वाचून हसायला गेलेला प्रेक्षक हिरमुसला, तर त्यात चित्रपटाचा काय दोष? पु. ल. देशपांड्यांनी लिहिलेला हा सोंगाड्या सिनेमात जातो, मग राजकारणात जातो, आणि प्रत्येक पायरीला थोडा थोडा खोटा होत जातो. चित्रपट लांबलाय, मधे ढेपाळतोही. पण लक्ष्याचा इतका उघडा, थकलेला चेहरा दुसरीकडे कुठे सापडणार नाही.

माझ्या मते खाली राहतो तो २०१४चा यशवंतराव चव्हाणांवरचा. अशोक लोखंडे मनापासून करतात, प्रसंग तारखेप्रमाणे येतात आणि जातात, आणि मला ते एखाद्या सत्काराच्या पुस्तिकेची पानं उलटल्यासारखं वाटलं. जब्बार पटेलांचं बळ संशयात आहे. हिंदूराव असो, दाभाडे असो, सुलभाचा नवरा असो, समोरच्या माणसावर विश्वास नसला की त्यांचा कॅमेरा हलत नाही. आदराने हात जोडले की तोच कॅमेरा दोन पावलं मागे जाऊन उभा राहतो. मामुटीचा इंग्रजी 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर' (२०००) यातून बराचसा सुटला, कारण तिथे गांधी-आंबेडकर वादात दोन्ही बाजूंना वजन आहे आणि मामुटी बाबासाहेबांचा राग लपवत नाही.

भाच्याने शेवटी काय केलं? शनिवारी रात्री 'सामना' लावला आणि अर्ध्यातच मला मेसेज टाकला: "मामा, मारुती कांबळेचं काय झालं ते आत्ता सांगू नकोस." रविवारी दुपारी 'सिंहासन'. निकाल अजून कळवलेला नाही. आई शेजारीच बसली होती म्हणे.