सेकंडहँड लक्झरी एसयूव्ही: तीन वर्षं वापरून झाल्यावरचा रिव्ह्यू

घेतली तेव्हा सात वर्षं जुनी होती, मीटरवर ९२,००० किमी, तीन लिटरचं व्ही६ डिझेल, आठ गिअरची ऑटोमॅटिक, एअर सस्पेन्शन (म्हणजे स्प्रिंगऐवजी हवेच्या रबरी पिशव्या), वर भलंमोठं काचेचं छत. ब्रँडचं नाव लिहित नाही, लिहिलं की फॅन लोक अंगावर येतात आणि तसंही या वर्गातल्या बहुतेक गाड्यांची दुखणी सारखीच असतात. किंमत ऐकून मी हुरळलो होतो, नव्या साध्या एसयूव्हीच्या पैशात एवढी गाडी! डोक्यात एकच गोष्ट आली नाही, ती म्हणजे गाडीची किंमत पडते पण तिच्या पार्टची पडत नाही. गॅरेजचं बिल नव्या महागड्या गाडीचंच येतं.

पहिला दणका एअर सस्पेन्शनने दिला. सकाळी बघतो तर पुढची उजवी बाजू खाली बसलेली, गाडी चालू केली की दोन मिनिटांत वर. मेकॅनिक म्हणाला हवा भरणारा कंप्रेसर गेलाय, बदलून टाकला. चार महिन्यांत नवा कंप्रेसर पण मेला. आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला, दुसरं काय! दुसऱ्या मेकॅनिकने साबणाचं पाणी मारलं तर स्ट्रटच्या, म्हणजे चाकावरच्या शॉकच्या, रबरी पिशवीच्या घडीतून बुडबुडे. म्हणजे हवा तिथून बारीक बारीक जात होती आणि ती भरून काढायला कंप्रेसर दिवसभर राबत होता, त्यातच जळला. हे आधी कळलं असतं तर एका स्ट्रटवर भागलं असतं, मला एक स्ट्रट आणि दोन कंप्रेसर पडले. आणि एका एअर स्ट्रटच्या पैशात साध्या गाडीचे चारही शॉक येऊन वर पैसे उरतात हो. काही लोक वैतागून एअर काढून साध्या स्प्रिंगवर जातात, मी नाही गेलो कारण ज्या आरामासाठी ही गाडी घेतली तोच काढून टाकायचा तर घेतली कशाला.

जुनी बघायला जाल तर मालकाला सांगा गाडी आदल्या रात्रीपासून हलवू नको, आणि सकाळी चालू करायच्या आधी चारही चाकांच्या मध्यापासून वरच्या कमानीपर्यंत टेपने मोजा. डावं उजवं जुळत नसेल तर समजून जा. इंजिन आधीच गरम करून ठेवलं असेल तरी संशय घ्या, थंड इंजिनचा पहिला आवाज आपणच ऐकायचा, टायमिंग चेन सैल असेल तर तेव्हाच खडखडते.

मग ऑईल गळती. इंजिनच्या मधोमध, दोन हेडच्या खोबणीत ऑईल कूलर बसवलेला, त्याची रबरी सील वर्षानुवर्षं उष्णतेत राहून कडक झाली. सील मुठीत मावतील एवढी. पण तिथपर्यंत पोचायला टर्बो, इनटेक, पाईप सगळं उतरवायचं. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. लेबरचा आकडा बघून मी खुर्चीतच बसलो. पण एक शहाणपण सुचलं, एवढं उघडलंच आहे तर त्या भागातले कूलंटचे पाईप, थर्मोस्टॅट, बाकीची गॅस्केट सगळं त्याच वेळी बदलून घेतलं. यातलं बरंचसं प्लॅस्टिकचं असतं, आठदहा वर्षांनी बिस्किटासारखं तुटतं, माझा एक जोड मेकॅनिकच्या हातातच मोडला. तो रस्त्यात मोडला असता तर? पाणी गेलं आणि तशीच दामटली की अ‍ॅल्युमिनियमचं हेड वाकतं, मग इंजिनचाच खर्च. तापमानाची वॉर्निंग आली की बाजूला घेऊन बंद करा.

गिअरबॉक्सबद्दल मात्र तक्रार नाही. झेडएफ या गिअरबॉक्स बनवणाऱ्या कंपनीचा आठ स्पीड, लोण्यासारखा चालतो. "लाइफटाइम ऑईल आहे, बदलायची गरज नाही" हे ऐकाल, ऐकून सोडून द्या. खुद्द झेडएफ ८०,००० ते १,२०,००० किमी किंवा ८ वर्षांनी बदला म्हणते. यात फिल्टर प्लॅस्टिकच्या पॅनमध्येच असतो त्यामुळे अख्खा पॅन बदलावा लागतो, म्हणून महाग वाटतं, पण गिअरबॉक्सपुढे काहीच नाही.

डिझेल घेणाऱ्यांनी डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, लक्षात ठेवा. रोज पाच किमी जाणार असाल तर पेट्रोल घ्या. काजळी जाळायला आत साधारण ६०० अंश तापमान लागतं, छोट्या फेऱ्यांत ते होत नाही, आणि रीजनरेशन (हीच काजळी जाळणं) अर्धवट राहिलं की तापमान वाढवायला जादा सोडलेलं डिझेल इंजिन ऑईलमध्ये उतरतं. ऑईलची पातळी कमी व्हायच्या ऐवजी वाढलेली दिसली तर खुश होऊ नका! मी पंधरा दिवसांतून एकदा अर्धा तास हायवेला नेतो, अजून तरी त्रास नाही.

बाकी किरकोळ: छताच्या ड्रेनच्या नळ्या पानाकचऱ्याने तुंबल्या की पाणी कार्पेटखाली जातं आणि तिथेच कंट्रोल मॉड्यूल, म्हणजे गाडीचे छोटे कॉम्प्युटर, असतात, मग लाइट भूत लागल्यासारखे लागतात. माझी गाडी एकदा अशी रात्रभर आपोआप हॉर्न वाजवत होती, शेजारी अजून बोलत नाहीत नीट. नवी बॅटरी टाकली की गाडीला स्कॅनरने तसं सांगावं लागतं, नाहीतर चार्जिंग जुन्याच हिशोबाने होतं.

परत घेशील का विचाराल तर हो, पण सगळ्या मॉड्यूलचं स्कॅनिंग आणि सर्व्हिसची कागदं बघूनच, आणि गाडीच्या किमतीचा पाव हिस्सा पहिल्या वर्षासाठी बाजूला ठेवून. तेवढे उरत नसतील तर दोन वर्षं नवी, पण खालच्या वर्गातली घ्या. चालवायला पाचपैकी पाच, खर्चाला दीड, तोही गिअरबॉक्समुळे.

मागून डावीकडून गेल्या आठवड्यापासून टकटक येतेय. बुश (सस्पेन्शनच्या जोडातलं रबर) असावं, शनिवारी लिफ्टवर घेतोय.