लाल भोपळ्याला पाणी कसं द्यावं? काळ्या आणि तांबड्या मातीची तुलना

परसात लाल भोपळा लावायचा ठरला की बहुतेक जण आधी पाण्याचं विचारतात. ठिबक बसवू, की पाइपने आळं भरलं तरी चालेल? याचं उत्तर मातीत आहे. परभणीच्या काळ्या मातीत जी पद्धत वेल छान पोसते, तीच रत्नागिरीच्या जांभ्यावरच्या तांबड्या मातीत अपुरी पडते. त्यामुळे आधी माती तपासा, खर्चाचं नंतर बघू.

तपासणी सोपी आहे. फूटभर खोल खड्डा खणून पाण्याने भरा. ते जिरलं की पुन्हा भरा. दुसरं पाणी तासाभरात गेलं तर माती हलकी. चार-पाच तासांनीही तळाला पाणी दिसत असेल तर निचरा कमी आहे असं धरा.

काळी माती ओल आणि अन्न दोन्ही धरून ठेवते, म्हणून उन्हाळी लागवडीला (जानेवारी-फेब्रुवारी) माझी पसंती तिलाच. पावसाळ्यात मात्र तीच अडचणीची ठरते, कारण मुळाशी पाणी साचतं आणि खोड कुजतं. जून-जुलैत बी लावणार असाल तर खड्ड्यात न लावता वीतभर उंच गादीवर लावा. माती भुसभुशीत व्हावी म्हणून वाळू मिसळण्यात फार अर्थ नाही. घरगुती प्रमाणात तिचा फरक पडत नाही. त्याऐवजी पूर्ण कुजलेलं शेणखत किंवा कंपोस्ट घाला, दर आळ्याला दोन मोठ्या पाट्या.

तांबड्या मातीचं नेमकं उलट. पाणी तुंबत नाही, मुळांना हवा मिळते, पण कोकणातल्या पावसात घातलेलं खतही धुऊन जातं. तिथे दोन फूट रुंद, दीड फूट खोल खड्डा घेऊन निम्मा शेणखताने भरा. उरलेलं खत वेल पसरू लागल्यावर आणि फळ धरल्यावर थोडं थोडं द्या. नुसता युरिया मारू नका. पानं तळहाताच्या दुप्पट होतील, मादी फुलं मात्र मोजकीच येतील.

भोपळ्याच्या बुंध्याशी चुलीतली राख टाकायची रीत सगळीकडे आहे. कोकणातल्या आम्लधर्मी मातीत ती उपयोगी पडते, कारण राखेने सामू (मातीचा pH) वाढतो आणि पालाशही (पोटॅश) मिळतं. भोपळ्याला साधारण ६ ते ७ सामू मानवतो. देशावरच्या काळ्या मातीत बऱ्याचदा चुनखडी असते आणि सामू आधीच ८ च्या आसपास असतो. तिथे राख टाकली की लोह मिळेनासं होतं, नवी पानं पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. शंका असेल तर चमचाभर कोरड्या मातीवर व्हिनेगर टाका. माती फसफसली तर राख नको.

आता पाणी. काळ्या मातीत पाइप आणि आळं पुरेसं आहे, ठिबकवर खर्च करायची गरज मला वाटत नाही. फक्त आळं दुहेरी करा: बुंध्याभोवती मातीची भर, तिच्या बाहेर पाण्याची गोल चर. विदर्भातले संत्रा बागायतदार खोडाला पाणी लागून डिंक्या (खोडातून डिंक गळण्याचा रोग) होऊ नये म्हणून हेच करतात. उन्हाळ्यात बोटभर खोल उकरून ओल बघायची आणि कोरडं लागलं तरच भरपूर पाणी द्यायचं. रोज थोडं थोडं शिंपडल्याने मुळं वरच राहतात. एकदम कोरडं आणि एकदम तुडुंब असंही करू नका, त्याने कोवळी फळं गळतात.

तांबड्या मातीत ठिबकचे पैसे वसूल होतात. पण एकच तोटी लावून भागत नाही, कारण हलक्या मातीत पाणी आडवं न पसरता सरळ खाली उतरतं. वेलाभोवती ताशी ४ लिटरच्या दोन-तीन तोट्या ठेवा आणि कमी वेळ पण वरचेवर चालवा. बोअरचं पाणी जड असेल तर तोट्या क्षारांनी बुजतात, त्या अधूनमधून सोडवून धुवाव्या लागतात. हे जमणारं नसेल तर बिनरोगणाचं मातीचं मडकं गळ्यापर्यंत पुरा आणि भरून ठेवा. माती कोरडी होईल तसं ते झिरपतं. तोंडावर झाकण हवंच, नाहीतर डास होतील. मडक्याचा भरवसा हलक्या मातीतच आहे. काळी माती वाळली की भेगाळते, मडक्यापासून सुटते आणि झिरपा तुटतो.

पद्धत कुठलीही घ्या, पाणी सकाळी आणि जमिनीवर द्या. पानं ओली राहिली की केवडा या पानांवरच्या रोगाला वाव मिळतो. दुपारी पानं मलूल दिसली तर घाबरून पाणी ओतू नका, उन्हात ती तशी होतातच. सकाळीही मलूल असतील तर खरी तहान आहे. कोकणात नारळाची सोडणं, देशावर उसाचं पाचट, जे मिळेल ते वेलाखाली पसरा.

गच्चीवर ड्रममध्ये लावायचा असेल तर तुलनेचा प्रश्नच येत नाही. किमान साठ-सत्तर लिटरचा ड्रम, तळाला भोकं आणि भर उन्हाळ्यात रोज पाणी. वाण लहान फळाचा घ्या. अर्का सूर्यमुखीचं फळ साधारण किलोभराचं असतं, मांडवावरही पेलतं.

देठ वाळून खरखरीत झाला आणि सालीत नख रुतेना, की पाणी कमी करत आणा. शेवटचा आठवडा-दहा दिवस जवळजवळ बंदच ठेवा, म्हणजे भोपळा घट्ट आणि गोड होतो. तोडताना बोटभर देठ ठेवा.